अलिबागी ताटाचा ताळेबंद

माझी अलिबागला बदली झाल्याचा हुकूम आमच्या मुंबईच्या शाखेत वाचला गेला, तेव्हा जो हशा पिकला तसा हशा माझ्या एकाही विनोदी लेखाला आजवर मिळालेला नाही. नोटा मोजणारा आमचा कॅशिअरसुद्धा हसला. (आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.) कारण उघड आहे. मुंबईत एखाद्याला बावळट म्हणायचे, पण सभ्यपणे म्हणायचे, तर ‘अलिबागसे आया है क्या?’ असे विचारतात. मी तर सरकारी शिक्क्याने अलिबागला निघालो होतो. परत येईन तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा प्रत्येकाला कायदेशीर हक्कच राहणार होता.

कायदेशीर हा शब्द मी उगाच वापरत नाही. पुढे २०१९ साली अलिबाग तालुक्यातल्या एका गृहस्थांनी या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. असे विनोद सगळ्याच समाजांवर होतात, एवढे मनाला लावून घेऊ नका, अशा आशयाचा सल्ला देऊन न्यायालयाने ती फेटाळली. तेव्हा हा विनोद आता न्यायप्रविष्टही राहिलेला नाही.

बदली झाली ती २००९ साली. सौ.ची नोकरी डोंबिवलीच्या शाळेत, त्यामुळे मी अलिबागात सक्तीचा ब्रह्मचारी. ब्रह्मचाऱ्याला राहायला खोली कुठेही मिळते. प्रश्न असतो जेवणाचा. पहिले चार दिवस मी एस.टी. स्टँडच्या आसपास ‘पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन’ अशी राष्ट्रीय एकात्मतेची पाटी लावलेल्या ठिकाणी काढले. पाचव्या दिवशी आमच्या शिपायाला माझी दया आली आणि त्याने मला इस्रायल आळीच्या पलीकडल्या एका बोळात नेऊन काकूंच्या खानावळीत सोडले.

खानावळीला पाटी नव्हती. चार टेबले, आठ बाकडी, भिंतीवर गेल्या वर्षीचे कॅलेंडर आणि कोपऱ्यात पितळेचे पिंप. मेनूकार्ड मागितले तेव्हा काकूंनी माझ्याकडे असे पाहिले की मी लगेच बसलो. समोर ताट आले. तांदळाची वाफाळलेली भाकरी, माशाचे कालवण, एक तळलेला तुकडा, भात, सोलकढी आणि चार फोडी केलेला एक छोटा पांढरा कांदा. मी पहिला घास घेतला आणि बदलीचा हुकूम काढणाऱ्या साहेबांना मनातल्या मनात माफ केले.

समोरच्या बाकड्यावर एक सत्तरीचे गृहस्थ जेवत होते. त्यांनी मला विचारले, “बँकेत का? शिक्षण?”

“बी.कॉम.”

“म्हणजे इतिहास आठवीत सुटला.”

“दहावीत,” मी म्हटले. “तोही काठावर.”

हे गुरुजी. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. एकटेच असत, दोन्ही वेळा काकूंकडे जेवत. त्यांचे म्हणणे असे, की पर्यटक येतो, ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जातो, तोफेवर बसून फोटो काढतो आणि इतिहास पाहिला म्हणून परत जातो. खरा इतिहास तो त्याच दुपारी ताटात चिवडून टाकून आलेला असतो. “या ताटात एकही जिन्नस फुकटचा नाही, बी.कॉम.,” ते म्हणाले. “प्रत्येकाचं कोणी ना कोणी देणं लागतं. तुम्ही हिशेबातले आहात. लिहून काढा.”

मी खरोखरच लिहायला घेतले. बँकेची एक जुनी डायरी होती, तिच्या मागच्या पानांवर उजवी-डावी रेघ मारली. एका बाजूला जिन्नस, दुसऱ्या बाजूला धनको. प्रत्येक नावेला कुठे तरी जमा असलीच पाहिजे, हे कॉमर्सने मला शिकवलेले एकमेव तत्त्वज्ञान.

पहिली नोंद निघाली पाण्याच्या पेल्याची. समुद्रकाठच्या गावात गोडे पाणी म्हणजे गंमत नव्हे. गुरुजींनी सांगितले, की इथे अली नावाचा एक सधन माणूस राहत असे. त्याने विहिरी खणल्या आणि आंबा-नारळाच्या बागा लावल्या. लोक ‘अलीची बाग’ म्हणू लागले, त्याचे झाले अलिबाग. हा अली मुसलमान होता असे काही म्हणतात. बेने इस्रायली लोक म्हणतात की तो आमचा, एली. मला हा वाद फार आवडला. एखाद्याने बँकेचे कर्ज बुडवले की तो कोणत्याच जातीत सापडत नाही. पण विहीर खणली की दोन-दोन धर्म वारसा सांगायला पुढे येतात. डायरीत लिहिले : ‘पाणी — अली. वारस वादात. रक्कम येणे नाही.’

दुसरी नोंद रेवदंड्याला झाली. एका रविवारी गुरुजी मला एस.टी.ने चौल-रेवदंड्याला घेऊन गेले. चौल हे मुंबईच्या पणजोबांच्या वयाचे बंदर. मुंबई सात बेटांवर मासे वाळवत होती तेव्हा चौलमध्ये अरब, इराणी व्यापारी बसून भाव ठरवत होते. १४६९च्या सुमाराला अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला. बरोबर एक घोडा घेऊन. रेवदंड्यात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. घोडा विकून पैसे करावेत हा त्याचा बेत होता, पण घोड्यापायी त्याला मनस्तापच झाला. मला तो एकदम आपला वाटला. मीही एकदा शेअर घेतले होते. निकितिनने या देशातले खाणेपिणे बारकाईने टिपले आहे. इथे घोड्यांना साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असे तो लिहितो. स्टँडजवळच्या त्या चार दिवसांच्या जेवणाशी मी त्या घोड्याच्या जेवणाची तुलना केली आणि गप्प बसलो.

रेवदंड्याच्या पडक्या तटाबाहेर आम्ही वडापाव घेतला. मी म्हटले, “गुरुजी, हा तरी आपला?”

गुरुजींनी वडा फोडला. “१५०८ साली इथल्या समुद्रात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लढाईत मारला गेला. तरी ते हटले नाहीत. १५२१ साली निजामशहाच्या परवानगीने त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला, आणि मराठ्यांनी चौल घेतलं ते १७४० साली. सव्वादोनशे वर्षं राहिले. आता मोजा. बटाटा, शब्दासकट, त्यांचा. पाव त्यांचा. मिरची त्यांनी समुद्रापलीकडून आणली. त्याआधी आपण तिखट म्हणजे मिरी खायचो. शेजारच्या कोर्लईत तर पोर्तुगीज-मराठीची भेसळ झालेली बोली अजून घराघरांत बोलतात.”

“म्हणजे आपलं काय?”

“बेसन. आणि खाण्याची हौस.” ते थोडे थांबून म्हणाले, “तुमचा पगार हा शब्दही पोर्तुगीज. तुमच्या कॅशिअरच्या हातातली चावीसुद्धा.”

पंधरा वर्षे मराठी अस्मितेने उचललेला पगार पोर्तुगीज निघाल्यावर मनुष्याने जायचे कुठे? मी मुकाट्याने आणखी एक वडापाव घेतला. तळहातावर तेल उतरले होते. “आणि हे तेल?”

“तेलाचं उत्तर काकूंच्या आळीत आहे,” गुरुजी म्हणाले.

ते उत्तर असे. फार फार पूर्वी, नेमके कधी यावर विद्वान भांडतात, नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटले. त्यातून वाचलेली माणसे इथेच राहिली अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. ही माणसे तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. हजारो वर्षांचा धर्म, त्याची हिब्रू शास्त्रे, आणि गावाने त्याची नोंद कशी केली? ‘सुट्टी : शनिवार.’ (आमच्या युनियनने शनिवारच्या सुट्टीसाठी किती वर्षे घालवली! ह्यांनी ती आल्या दिवसापासून घेतली.) त्यांनी आडनावे गावांची लावली : किहीमकर, नवगावकर, पेणकर. सिनेमातले आपले टकलू, हसरे डेव्हिड, त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे हेच चौल.

त्यांच्या घरचा मलिदा मी काकूंच्या शेजारी पहिल्यांदा खाल्ला. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, सुका मेवा, वर फळे. एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांच्या नावाने तो करतात. मासे त्यांना चालतात, पण खवले आणि पर असलेले, कोळंबी-खेकडा नाही. १९४८ साली इस्रायल झाला आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक घरे तिकडे गेली. सिनेगॉग आहे, आळीचे नाव आहे. कुलुपे बरीच आहेत.

एकदा दुपारी काकूंकडे सत्तरीच्या एक बाई आल्या. अंगात पाश्चात्त्य पोशाख आणि तोंडात अस्सल कुलाबी मराठी. लहानपणी इथून गेल्या होत्या, देवळात — त्या सिनेगॉगला देऊळ म्हणाल्या — दिवा लावायला आल्या होत्या. काकूंनी विचारले, काय वाढू? त्या म्हणाल्या, “बिरडं आहे का गो?” त्या दिवशी वालाचे बिरडे होते. बाईंनी ते खाल्ले आणि भात न घेता वाटीच पुन्हा पुढे केली. काही बोलल्या नाहीत. काकूंनी पैसे घेतले नाहीत. मी डायरीत ‘तेल — शनिवार तेली’ एवढेच लिहिले. बिरड्याची नोंद कोणाच्या नावावर टाकावी, ते मला समजेना.

आता तुम्ही म्हणाल, अलिबागचा इतिहास आणि आंग्र्यांचे नाव नाही? आहे. पण कान्होजींकडे मी तलवारीच्या बाजूने बघत नाही, वसुलीच्या बाजूने बघतो. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, शुल्क भरावे आणि खुशाल जावे. दस्तक नसेल तर माल जप्त. याला इंग्रज चाचेगिरी म्हणत. आंग्र्यांनी तर स्वतःचा ‘अलिबागी रुपया’ही पाडला. ज्या गावाचे एके काळी स्वतःचे नाणे होते, त्या गावाच्या नावाने मुंबईवाले बावळटपणा मोजतात!

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि मार खाऊन परत गेले. या पराभवाचे खापर कोणाच्या माथी फोडावे यावरून दोघांत जुंपली. इंग्रजांचा कमोडोर मॅथ्यूज इतका संतापला, की त्याने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली छडी खुपसली. इतके लोक अलिबागला येऊन गेले, पण तोंडात काठी घालून परत गेलेला पाहुणा एवढाच. काकूंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “जेवायच्या वेळेला लढायला आले असतील.”

१७२० साली कान्होजींनी बांधलेला हिराकोट आजही गावात उभा आहे आणि त्यात जिल्हा कारागृह आहे. अलिबागेत दोन वेळचे जेवण बिनपैशाने मिळण्याचे ते एकमेव ठिकाण. पुढे मागे आमच्या शाखेतला एखादा आकडा जुळला नाही तर सोय आहे, एवढा दिलासा मला त्याच्या भिंतीवरून जाता-येता मिळे.

आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी १८४० साली वारस नाही म्हणून खालसा केले आणि मग इतिहास खाण्यावरून पिण्याकडे वळला. किनाऱ्यावर माड आहे तिथे माडी आहे, ताड आहे तिथे ताडी. १८७८ च्या अबकारी कायद्याने पिढ्यान् पिढ्या झाडावर चढणाऱ्या भंडाऱ्यांच्या धंद्याला कर आणि परवान्यांनी करकचून बांधले. समुद्रात आंग्र्यांनी दस्तक मागितले तर ती चाचेगिरी. यांनी झाडावर चढायला परवाना मागितला तर तो कायदा. स्वराज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि पिणाऱ्यालाच परवाना लागू लागला. माझ्यापुरते सांगायचे तर मी या बाबतीत सोलकढीवर समाधानी आहे. (हा लेख सौ. वाचणार आहे.)

पिण्यावरून आठवले. काकूंची खानावळ वर्षातून एकच दिवस बंद असे, आणि तो दिवस म्हणजे गटारी. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी सगळा जिल्हा मासळी-कोंबडीवर तुटून पडतो, धंद्याला याच्याइतका चांगला दिवस नाही. मी पहिल्याच वर्षी बी.कॉम.च्या अधिकाराने काकूंना हे पटवायला गेलो. गुरुजींनी मला हाताला धरून बाहेर आणले. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बंदराच्या तोंडाशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्या होती. पुष्कळजण सणाचे जेवायला घरी निघाले होते. काकूंच्या सासूबाईंनी त्या रात्री दोन भावांसाठी रांधून ठेवले होते. त्यानंतर त्या घरात गटारीला चूल पेटली नाही. मी डायरी उघडली नाही.

आता जिताड्याविषयी. अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराशेजारी तळे असते आणि तळ्यात जिताडा. खाडीतली पिल्ले आणून सोडायची आणि दोन-तीन वर्षे घरच्या पोरासारखी वाढवायची. बंगाली लोक ज्या भेटकीसाठी जीव टाकतात ती हीच. पण बंगालमध्ये ती फक्त खातात. आमच्याकडे तिला प्रशासकीय महत्त्व आहे. अडलेल्या कामासाठी साहेबाच्या घरी जिताडा पोचवायचा, ही खारेपाटातली जुनी रीत. कर्जाच्या अर्जाला जोडायच्या कागदपत्रांच्या यादीत तो छापलेला नसतो इतकेच. एकदा एका शेतकऱ्याने, मी साधा क्लार्क असूनही, माझ्या काऊंटरवर पिशवी ठेवली. पिशवीतून शेपूट बाहेर आले होते. मी नियमावर बोट ठेवून ती परत केली. तो बिचारा हिरमुसला होऊन गेला. त्या रात्री काकूंकडे ताटात जिताडा! परत नेण्याऐवजी त्याने तो जाता जाता काकूंना विकला होता. मी तो पूर्ण पैसे देऊन खाल्ला. कर्जही त्याला नियमानेच मिळाले. तरी त्या तुकड्याची चव आठवली की माझा प्रामाणिकपणा नेमका किती टक्के होता याविषयी मला अजून शंका येते.

अलिबागच्या मुक्कामातली सगळ्यात चांगली खानावळ मात्र चार भिंतींची नव्हती. खंडाळे गावात काकूंचे भाऊ राहत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. भात कापून झाला की त्याच जमिनीत ते पांढरा कांदा लावत. गोडसर, कमी झोंबणारा, सफरचंदासारखा नुसता खावा असा. काढला की घरातल्या बायका त्याच्या पातीची वेणी घालून माळा करत. काकूंच्या ताटातला कांदा तो हाच. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने ज्याची दखल घेतली, तो कांदा मी चार वर्षे रोज मागून दुसऱ्यांदा घेतला.

जानेवारीत अण्णांनी पोपटीला बोलावले. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडे मीठ. वरून पुन्हा पाला कोंबायचा आणि मडके उपडे करून भोवती गवत-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. ऑडिटरला आक्षेप घ्यायला जागाच नाही असे जेवण. आम्ही थंडीत जाळाभोवती बसलो आणि मी सहज म्हणालो, “परवा आमचा संप आहे. एक दिवसाचा. पगार कापणार म्हणतात.”

गुरुजी जाळाकडे बघत हसले. “आमच्या घरचा सहा वर्षं चालला.”

गुरुजी मूळचे खारेपाटातले. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात शेतकरी जमले आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली ठरले, की खोताची जमीन कसायची नाही. कारण पिकवायचे कुळाने आणि निम्म्याहून अधिक भात जायचा खोताच्या कोठारात, वर वेठबिगार वेगळी. पंचवीस गावे संपावर गेली. ज्याच्या हातात दुसरे काही नाही त्याने नांगर खाली ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. १९३७ साली त्यांनी खोती बंद करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. संप १९३९ पर्यंत टिकला. “माझी आजी डोंगरातून लाकडाची मोळी आणून अलिबागला विकायची,” गुरुजी म्हणाले. “बाप खाडीत मासे धरायचा. घरात खायला मासळी असायची, बी.कॉम. तोंडी लावायला भाकरी नसायची. सगळं आयुष्य तांदूळ पिकवलेल्या माणसांच्या घरात.”

पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला कायद्याने कुळे जमिनीची मालक झाली. १ एप्रिल म्हणजे आम्हां बँकवाल्यांचा हिशेब बंद करण्याचा दिवस. यांचा त्या दिवशी हिशेब उघडला. एवढ्यात अण्णांनी मडके फोडले. शेंगांचा वास सुटला आणि कोणी काही बोलेना. अण्णांनी पहिली मूठ गुरुजींच्या पानावर ठेवली. मी डायरीत नंतर लिहिले : ‘भाकरी — चरी, १९३३ ते ३९.’ त्या परवाच्या संपाला मी गेलो, पण घोषणा जरा हळू आवाजात दिल्या.

२०१२ च्या पावसाळ्यानंतर अण्णा एकदा बँकेत आले. अंगात नवा शर्ट. पैसे भरायची स्लिप त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली. मी आकडा लिहिला, मग अक्षरात लिहिला, मग पुन्हा शून्ये मोजली. मुंबईच्या कोणा पार्टीने कांद्याची जमीन घेतली होती. बंगला होणार होता. साहेब केबिनमधून उठून बाहेर आले, अण्णांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मुदत ठेवीचे दर सांगितले. शाखेचे त्या तिमाहीचे उद्दिष्ट एका चेकने पूर्ण झाले. मला शाबासकी मिळाली, कारण पार्टी माझ्या ओळखीची.

अण्णांना नावे ठेवायला मी कोण? मुलाचे शिक्षण होते, मुलीचे लग्न होते, भाताला भाव नव्हता. माझी जमीन असती तर मी त्यांच्याआधी विकली असती. मीच तेव्हा चोंढीकडे दोन गुंठे मिळतात का म्हणून चौकशी करत होतो. (भाव ऐकून डोंबिवलीवरची श्रद्धा दृढ झाली.) फक्त पुढच्या एप्रिलमध्ये काकूंच्या ताटात लाल कांदा आला. कोणी काही म्हणाले नाही. गुरुजींनी तो ताटाच्या कडेला सरकवून ठेवला. सहा वर्षे उपाशी राहून मिळवलेली जमीन अशीच कुठे कुठे एका दुपारी जात होती, आणि तिच्या जमेची स्लिप माझ्या अक्षरात होती.

त्याच वर्षी माझी परत मुंबईला बदली झाली.

गेल्या हिवाळ्यात, उन्हे कडक व्हायच्या आधी, मी पुन्हा अलिबागला गेलो. आता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी रो-रो बोट आहे. २०२० साली सुरू झाली. बोटीत गारेगार हवा आणि महागडी कॉफी. मांडव्यापासून अलिबागपर्यंत दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि भिंतीमागे बंगले. पांढऱ्या कांद्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे ‘अलिबागचा पांढरा कांदा’ हे नाव दुसऱ्या कोणाला लावता येणार नाही. नाव कोणी पळवू शकत नाही; जमीन मात्र रीतसर विकत घेता येते.

काकूंच्या खानावळीला पाटी लागली आहे. सून बघते. गुरुजींच्या जागी एक मुलगा मोबाइलवर बघत जेवत होता. गुरुजी गेले, हे मला फोनवर कळले होते. तरी मी त्या बाकड्याकडे बघून घेतले. काकू आतून आल्या. थकल्या आहेत. माझे ताट त्यांनी स्वतः वाढले. भाकरी, कालवण, सोलकढी आणि कडेला पांढरा कांदा.

“हा कुठला, काकू?”

“अण्णाने घरामागे चार वाफे ठेवलेत. बंगल्यांना विकत नाही. आपल्या माणसांपुरते.”

निघताना त्यांनी कांद्याची एक माळ माझ्या हातात दिली. मी पाकीट काढले. त्या म्हणाल्या, “राहू दे. त्या डायरीत लिहा.” डायरीचे त्यांना ठाऊक होते तर! घरी ती अजून आहे. तेरीज मांडायला मी पुष्कळदा बसलो. सगळी नावेच नावे निघतात. जमेला माझ्याकडून काहीच पडलेले नाही.

संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरलो. हातात पिशवी, खांद्यावर कांद्याची माळ. टॅक्सीवाल्याने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, “अलिबागसे आये क्या?”

पंधरा वर्षे ज्याला भीत होतो तो प्रश्न अखेर आला. मी म्हटले, “हो.”

तो काही हसला नाही. माळेला हात लावून म्हणाला, “असली है। कितने में मिली?”

फुकट मिळाली म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटले, “उधारीवर.”